ऐंशी किलोमीटर

१२ मार्च, गुरुवार

विक्री व्यवस्थापक साहेबांना,

नमस्कार करायला तू मोठा नाहीस आणि आशीर्वाद द्यावा असं सध्या मनात येत नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. पत्र मुद्दाम शोरूमच्या पत्त्यावर पाठवलंय. घरी पाठवलं असतं तर तुझ्या बायकोने आधी वाचून, त्यातले काटे काढून, मऊ करून तुला सांगितलं असतं. मला ते काट्यांसकट पोचायला हवंय.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. त्या रविवारी मी तुला सहा वेळा केला होता. तू एकदाही उचलला नाहीस. आणि संध्याकाळी साडेसातला इस्त्रीच्या शर्टात मावशीच्या दारात उतरून, चार लोकांसमोर मलाच विचारलंस, "ताई, तुम्हाला इतका उशीर कसा झाला?" मी तेव्हा गप्प बसले, कारण आतल्या खोलीत मावशी होती. आता सांगते, कसा झाला.

सकाळी आठला मावसबहिणीचा फोन आला. "आई शुद्धीवर आहे, सारखं तुझ्या आईचं नाव घेतेय. डॉक्टर म्हणतात, यायचं असेल तर आजच या." मी फोन आपल्या आईकडे दिला. तिने ऐकून ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दोन्ही खुबे कामातून गेलेले, पण त्या सकाळी काठी न घेता तिने कपाट उघडलं. मावशीसाठी विणत असलेला राखाडी स्वेटर सुयांसकट पिशवीत टाकला. एक बाही राहिली होती. म्हणाली, "तिच्या उशाशी बसून विणीन."

साडेआठला निघालो. दोनशे चाळीस किलोमीटर, म्हणजे आईला मध्ये पाय मोकळे करायला थांबलो तरी एकपर्यंत पोचायला हवं होतं. सत्तर किलोमीटरवर रस्त्याचं काम चालू होतं. उखडलेल्या डांबराची धार होती, त्यावर पुढचं डावं चाक आदळलं. आई कळवळली. समोर लाल अक्षरं आली: टायरमध्ये हवा नाही, वेग कमी करा.

मी उतरले. बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आहे. तुलाही मीच शिकवली, बाबांच्या जुन्या गाडीवर, आणि पहिल्याच दिवशी तू ती फाटकावर घातलीस. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो डॉक्टर असो नाहीतर कॉलेजातली पोरगी, शेवटच्या दिवशी चाक बदलून दाखवावं लागतं. मी स्वतः बारा मिनिटांत बदलते. आणि त्या दिवशी भर रस्त्यात डिकी उघडून मी नुसती बघत राहिले. स्टेपनी नाही. जॅक नाही. पाना नाही. स्टेपनीच्या जागी थर्माकोलचा साचा, आणि त्यात तू गाडी देताना ठेवलेली सुगंधी डबी.

तुझे शब्द मला पाठ आहेत. "ताई, स्टेपनी हा जुना विचार झाला. हे रनफ्लॅट टायर आहेत, आतून पोलादासारखे. पंक्चर झालं तरी गाडी पळते. ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर, लिहून घे. तुझ्यासारख्या एकट्या बाईने म्हातारी आई शेजारी बसवून उन्हात चाक बदलत बसायचं का?" माझा एकटेपणा आणि आईचं म्हातारपण, दोन्ही तू गाडी विकायला वापरलंस. वापर. तुझा धंदाच आहे तो.

हळूहळू चालवत वीस किलोमीटरवरच्या एका गावात पोचले. तिथे तीन टायरवाले. पहिल्याने टायरवर बोट ठेवलं आणि उचललं, जणू चटका बसला. "हे आमच्याकडे नसतं." दुसरा म्हणाला, "याला पंक्चर काढत नाहीत बाई, कंपनीच नको म्हणते. नवाच घालायचा. आणि नवा इथे मिळत नाही." तिसऱ्याने खूप खटपट करून टायर काढला, बघितला, परत चढवला, हवा भरली. तुमच्या मदत केंद्राला फोन लावला तर चाळीस मिनिटं नुसतं संगीत वाजत राहिलं. मग एक गोड मुलगी म्हणाली, पुढच्या शहरात पासष्ट किलोमीटरवर आमची शाखा आहे, तिथे टायर आहे का ते विचारून कळवते. ती अजून विचारतेच आहे.

पासष्ट म्हणजे ऐंशीच्या आत. मी निघाले.

अठ्ठावीस किलोमीटर गेलो आणि टायरच्या चिंध्या झाल्या. रिम रस्त्यावर घासायला लागली. दुतर्फा कोरडं माळरान, एक झाड नाही. फोनला रेंज येत जात होती. पावणेदोन तास आईला गाडीतच बसवून ठेवलं, दारं उघडी टाकून. शेवटी भाजीचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने आणि मी मिळून आईला उचलून पुढच्या सीटवर चढवलं. तिचा खुबा दारावर आपटला. ती ओरडली नाही. वाटेत तिने एकदाच विचारलं, "किती वाजले?"

मावशी चार वाजून दहा मिनिटांनी गेली. आम्ही सहा वीसला पोचलो. पावणेचारपर्यंत ती विचारत होती, "आली का?"

तू इकडे यायचं, आईसमोर बसायचं आणि सांगायचं की मी खोटं बोलून गाडी विकली. एवढंच मागते आहे. ते जमत नसेल तर मला भाऊ नाही असं समजून चालेन.

ताई

२१ मार्च, शनिवार

साहेब,

उत्तर मिळालं. कंपनीच्या कागदावर, टाईप केलेलं. वरती "प्रिय ग्राहक" छापलेलं होतं, ते पेनाने खोडून तू "ताई" लिहिलंस. खोडलेलं नीट वाचता येतं.

तू लिहितोस की ऐंशी किलोमीटर हा आकडा रस्ता, ओझं आणि हवामान यांवर अवलंबून असतो आणि माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर तसं स्पष्ट दिलं आहे. मी पान उघडलं. दिलं आहे. मुंगीच्या डोळ्याला दिसेल एवढ्या अक्षरांत. शोरूममध्ये तू ऐंशी म्हणालास तेव्हा तुझा आवाज मुंगीएवढा नव्हता. लहानपणी तू रडायला लागलास की तीन घरं पलीकडचे लोक घड्याळ बघायचे, म्हणून बाबांनी तुला भोंग्या नाव ठेवलं. भोंग्याने विकायचं आणि मुंगीने माफी मागायची, असा तुमच्या धंद्याचा रिवाज दिसतो.

पुढे तू लिहितोस, "तुझी या टायरबद्दल सुरुवातीपासूनच नाराजी होती." होती. का नसावी? वर्षभर त्या गाडीत कोण बसलंय, तू की मी? टायर इतके कडक, की रस्त्यातला खडा चाकाखाली आला तर तो खडा आहे की वाटाणा ते आईच्या कंबरेला कळायचं. दवाखान्यात जाताना ती दोन्ही हातांनी सीट धरून बसायची. मी तुला सांगितलं तर म्हणालास, "स्पोर्टी राइड असते ती." खुब्याच्या पेशंटला स्पोर्टी राइड! माझ्याकडे शिकायला येणारी एक शिक्षिका विचारायची, "मॅडम, खाली काही सुटलंय का?" आवाज तसा यायचा. बावीस हजार किलोमीटरमध्ये मागचे दोन्ही टायर टक्कल पडल्यासारखे झाले. नवे आठवडाभर कुठे मिळाले नाहीत, तेवढे दिवस माझे धडे बंद. तेव्हाही तू म्हणालास, "ताई, सगळ्या चांगल्या गोष्टींना वेळ लागतो."

माझ्यासारखी मी एकटी नाही. तुमच्याच वर्कशॉपच्या बाकावर बसून मी ऐकलंय. एक विमा एजंट होता, त्याचं एका बोटाएवढ्या खिळ्यापायी लग्नाचं बोलणं हुकलं. एक बाई चारही टायर बदलून साधे घालून आली होती आणि स्टेपनी ठेवायला डिकीत जागाच नाही म्हणून मागच्या सीटवर चाकाला पट्टा बांधून फिरत होती. आम्ही तिघंही हसलो. आता हसू येत नाही.

आणि तो टायरच्या हवेचा पिवळा दिवा. थंडी पडली की तो लागायचा. हवा तपासायला मी गाडी दोनदा वर्कशॉपला आणली, दोन्ही वेळा तुमच्या मेकॅनिकने बटण दाबून दिवा विझवला आणि म्हणाला, "गारठ्याने लागतो, मनावर घेऊ नका." लांडगा आला रे आला करणारा दिवा लावलात तुम्ही गाडीत.

"गाडी तपासणीसाठी आमच्याकडे पाठवावी." पाठवली. ट्रकवर चढवून नेली तुझ्या माणसांनी. तपासा.

आईबद्दल तू विचारलंस. ती बोलत नाही. म्हणजे "चहा ठेव", "पंखा बंद कर" एवढं बोलते. मंगळवारी दुपारी मी बाजारातून घरी आले तर ती खिडकीत बसून स्वेटर उसवत होती. एकेक ओळ, घाई न करता. मी म्हटलं, "आई, राहू दे की तो." तिने वर बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत लोकरीचा गोळा झाला होता. तो तिने कपाटात ठेवला आणि दार लावलं.

हे तुझ्या कागदाच्या कोणत्या कलमात बसतं ते कळव.

ताई

२ एप्रिल, गुरुवार

भोंग्या,

तुझ्या वर्कशॉपचा अहवाल मिळाला. सोबत तुझी चिठ्ठीही, दोन ओळींची: "ताई, मी हे कोणाला दाखवलेलं नाही. तू बघ."

काय उपकार!

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं साठतं हे मला माहीत नव्हतं. २० फेब्रुवारीला दिवा लागला. पुढचे नऊ दिवस लागलेलाच होता. पुढच्या डाव्या टायरमध्ये हवा निम्म्यावर आली होती आणि त्याच टायरवर गाडी दोनशे बारा किलोमीटर फिरली. म्हणजे त्या रविवारी घरातून निघतानाच टायर मेलेला होता, डांबराच्या धारेने फक्त त्याला खांदा दिला, असं तुझ्या मेकॅनिकचं म्हणणं. त्याने इतक्या छान शब्दांत लिहिलेलं नाही, पण अर्थ तोच.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणाल तुम्ही सगळे आता. म्हणा. पण आधी माझं ऐक.

मी रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारते. बावीस वर्षं मारते आहे, तापात मारली, बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मारली. चारही चाकांकडे बघते, पायाने दाबते. साधा टायर कमी हवेचा असला की बसतो, पोट सुटल्यासारखा दिसतो, आंधळ्यालाही कळतं. हा तुझा पोलादी टायर बसत नाही. हवा गेली तरी छाती काढून उभा. नऊ दिवस मी त्याच्याकडे बघितलं आणि नऊ दिवस तो मला खोटं बोलला. डोळ्याने कळणार नाही असं चाक तुम्ही बनवलंत, आणि मग म्हणता दिव्याकडे बघा. दिवा दोनदा खोटा ठरल्यावर तिसऱ्यांदा कोण बघतं?

हे लिहून झालं आणि मी अर्धा तास नुसती बसले होते. पुढचं वाक्य लिहायचं नव्हतं. लिहिते.

मी बघितला होता. तिसऱ्यांदाही बघितला. २० फेब्रुवारीलाच. एक नवीन विद्यार्थी शेजारी होता, त्याने विचारलं, "मॅडम, हा कसला दिवा?" मी म्हटलं, "हा आपला घरचाच आहे, रोज येतो." तो हसला. मी हवेच्या पंपावरून त्या आठवड्यात चारदा तरी गेले असेन. थांबले नाही. थांबले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं. आळस नव्हता. तुझ्या गाडीच्या तक्रारीत मला एवढा रस आला होता की तक्रार मिटवावी असं वाटेनासं झालं होतं.

झालं समाधान? आता हा कागद फ्रेम करून तुझ्या केबिनमध्ये लाव. पण सहा वेळा वाजलेल्या फोनचं काय, तेही त्याच्याच शेजारी लाव. त्याचा अहवाल कोणता कॉम्प्युटर देणार?

ताई

११ एप्रिल, शनिवार

भोंग्या,

तुझं हाताने लिहिलेलं पत्र आलं. अक्षर अजून तसंच, पावसात भिजलेल्या कोंबडीसारखं. चार पानं.

फोनचं वाचलं. तू नव्या गाडीची चावी देत होतास, समोर नवरा-बायको फोटो काढत होते, हे मला पटलं नसतं. पण पुढचं वाक्य पटलं. "तुझं नाव दिसलं की मला टायरच दिसायचा, ताई. जानेवारीतच मी तुझ्या नावाचा आवाज बंद केला होता. फक्त तुझ्या." हे वाचून मला राग यायला हवा होता, आणि आला. कप आपटला, त्याचा कान तुटला. मग मी मोजायला लागले की वर्षभरात मी तुला टायर सोडून कशासाठी फोन केला. तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला केला होता. त्यातही शेवटी टायरवर आले.

तू लिहिलंस की हे पत्र आईला वाचून दाखव. दाखवलं. दुपारी तिच्या पलंगाशी खुर्ची घेतली आणि चारही पानं वाचली. म्हणजे जवळजवळ चारही. तिसऱ्या पानावर दिव्याचा परिच्छेद आहे, तो मी वगळला. तिच्यासाठी, असं स्वतःला सांगितलं.

वाचून झाल्यावर आई म्हणाली, "दिव्याचं वाचलं नाहीस."

मी पानांची घडी घातली. "तुला त्याने फोनवर सांगितलं?"

"सांगितलं. पण त्याने सांगायला कशाला हवं? नऊ दिवसांत तीनदा मी तुझ्या शेजारी बसले होते. मला डोळे आहेत. मी विचारलंसुद्धा तुला, दवाखान्यातून येताना. तू म्हणालीस, तुला त्यातलं कळत नाही."

म्हणाले होते. मला आठवलं.

मग महिनाभरात बोलली नव्हती तेवढं ती एका दमात बोलली. "त्याला पत्रं लिहितेस ना? त्या गावातली टॅक्सी लिहिलीस का त्यात?"

"नाही."

"मग लिही."

म्हणून हे पत्र. तुझ्यासाठी नाही, तिने सांगितलं म्हणून.

तिसरा टायरवाला म्हातारा होता, डाव्या हाताला तीनच बोटं. त्याने पाऊण तास झटून तो टायर रिमवरून सोडवला. आत हात घालून मूठ बाहेर काढली आणि माझ्यासमोर उघडली. काळा भुसा. रबराचा. "बाई, हा आतून खाल्लाय. बिनहवेचा पुष्कळ पळालाय. मी परत चढवून देतो, पण त्यावर गाव सोडू नका." मग आईकडे बघून म्हणाला, "चौकात टॅक्सी असते. आत्ता बोलावतो, एकच्या आत निघाल. साडेतीनला तिथे."

आई गाडीतूनच म्हणाली, "टॅक्सी कर गं. गाडी राहू दे इथे."

मी म्हटलं, "आई, ऐंशी किलोमीटर जाते ही. तुझ्याच लेकाने सांगितलंय."

म्हातारा म्हणाला, "लेकाने सांगितलं असेल, टायरला कुठे सांगितलंय?" बाजूच्या दुकानातली दोन माणसं हसली. त्यातला एक म्हणाला, "चालवता येतं म्हणजे गाडीतलं कळतं असं नाही, ताई." तेवढं पुरलं मला. बावीस वर्षं मी अशाच माणसांच्या पोरांना स्टिअरिंग धरायला शिकवलंय. मी दार लावलं आणि गाडी चालू केली. आई पुन्हा एकदा म्हणाली, "अगं, टॅक्सी." मी आरसा नीट केला.

आता खरं सांगते, हे आईलाही सांगितलेलं नाही. त्या गावातून निघताना मी देवाकडे टायर टिकू दे असं मागितलं नव्हतं. मी हिशेब केला होता. पोचलो तर त्या हसणाऱ्यांपुढे मी खरी. नाही पोचलो तर तू खोटा. दोन्हीकडून माझीच सोय. आईची सोय त्यात कुठेच नव्हती, आणि मावशीची तर नाहीच.

चिंध्या झाल्या तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं, भोंग्या. सापडलास, असं वाटलं. मग शेजारी बघितलं.

ताई

१९ एप्रिल, रविवार

भोंग्या,

आई काल तुझ्याकडे पोचली हे मला माहीत आहे. तू संध्याकाळी फोन केलास, मी उचलला नाही. रागाने नाही. बोलता आलं नसतं.

तिने बुधवारी जेवताना सांगितलं, "मी थोडे दिवस त्याच्याकडे जाते."

मी विचारलं, "किती दिवस?"

"बघू."

"माझ्यावर राग आहे म्हणून?"

"हो," ती म्हणाली. अशी सरळ. ती काहीतरी सावरासावर करेल म्हणून मी वाट बघत होते. तिने भात कालवला.

"आणि त्याच्यावर नाही?"

"त्याच्यावर आहे की. तो तिकडे जाऊन काढीन. तुझ्यावरचा काढायला इथे राहून जमेना. रोज सकाळी तू मला गोळ्या देतेस, पाय चोळतेस, मग बोलायला तोंड उरत नाही."

अकरा वर्षं आई माझ्याकडे आहे. कोणी विचारलं की मी म्हणायचे, मी तिला सांभाळते. बुधवारी रात्री भांडी घासताना लक्षात आलं की ती गेल्यावर या घरात "आले गं" म्हणायला कोणी असणार नाही.

मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे, हे लिहून ठेवते, नाहीतर आईला बघून तुला वाटायचं की सगळं मिटलं. तू मला जे विकलंस ते मला नको होतं आणि तुला ते माहीत होतं. तुझं तू निस्तर. पहिल्या पत्रात मी तुला आईसमोर बसून कबूल करायला सांगितलं होतं. आता आयतीच समोर आहे. मी माझं शुक्रवारी केलं. तिच्या पायाशी बसून त्या गावातला हिशेबही सांगितला, मागच्या पत्रात तुला लिहिलाय तो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं ते." आणि पाय जवळ ओढून घेतला. एवढंच. डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. तू अपेक्षा ठेवू नकोस.

आता नीट वाच. सकाळी उठल्यावर अर्धा तास तिला काही विचारू नकोस, तेवढा वेळ ती कोणाचीच नसते. निजताना गुडघ्यांमध्ये उशी लागते, कडक, तुमच्याकडच्या त्या पिसांच्या नकोत. न्हाणीघरात खुर्ची ठेव आणि खुर्चीच्या पायांना रबर आहे का बघ. टीव्ही मोठ्याने लावते, ऐकू कमी येतं हे मान्य करत नाही, भांडायला जाऊ नकोस. गुरुवारी दुपारी चारला ती फोन हातात घेऊन बसेल. त्या वेळी मावशीचा फोन यायचा. तेव्हा तिच्याजवळ जाऊन बस. बोलायची गरज नाही, नुसता बस. मी सहा आठवडे स्वयंपाकघरातून बघत राहिले, जाऊन बसले नाही.

काल सकाळी टॅक्सी आली. मी म्हटलं होतं, मी सोडते तुला, गाडीला चारही टायर साधे घालून घेतलेत. तिने मान हलवली, नको म्हणून. चालकाने तिला हात दिला, पण तिने माझाच खांदा धरला, सवयीने. बसल्यावर पट्टा मी लावला. मी दार लावून मागे झाले तर तिने काच खाली घेतली. मला वाटलं, काहीतरी विसरली.

म्हणाली, "तू मागनं ये."

"कधी?"

"पुढच्या रविवारी. बसने ये."

टॅक्सी वळली तरी मी फाटकातच उभी होते. समोरच्या घरातल्या बाईने विचारलं, "आजी कुठे निघाल्या?" मी म्हटलं, "लेकाकडे." हा शब्द तोंडातून नीट निघाला, याचंच मला नवल वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने निघते. अकराला तुमच्या स्टँडवर पोचेन. घ्यायला आला नाहीस तर मी रस्ता विचारत येईन, तोंड आहे मला. आणि येणारच असशील तर गाडी आणू नकोस, भोंग्या. चालत ये. तुझं घर लांब आहे हे मला माहीत आहे. वाटेत भांडता येईल.

ताई